पक्षी नांदूरमधमेश्वरचा, डोंगर अंजनेरीचा: जोडलेला फोटो चिकटवल्यासारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीत सकाळी काढलेला फ्लेमिंगो अंजनेरी डोंगरावरच्या सूर्यास्ताच्या फोटोवर बसवला, मास्क (पक्षी कापून घेण्यासाठी आखलेला आकार) पुन्हा पुन्हा साफ केला, तरी पक्षी वरून चिकटवल्यासारखाच दिसतो. कडा आणखी कशा साफ करायच्या?

कडांचा नाद सोडा. गडबड उजेडाची आहे. अंजनेरी नाशिकच्या पश्चिमेला. सूर्य तिच्यामागे मावळत असेल तर ऊन थेट कॅमेऱ्यावर येतं. अशा वेळी समोर उभ्या पक्ष्याची आपल्याकडची बाजू काळवंडते आणि कडेला तेवढी सोनेरी रेघ उमटते. तुमच्या पक्ष्याचं तर पीसन्‌पीस उजळलेलं आहे, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी होता. हे कुठल्याही स्लायडरने उलटवता येत नाही. पक्षी तसाच ठेवा, डोंगराचा फोटो बदला. सकाळी त्र्यंबक रोडकडून अंजनेरी पाहिलीत तर पूर्वेकडचे कडे उन्हात न्हालेले असतात. तो उजेड तुमच्या फ्लेमिंगोशी जुळेल. मात्र दिशा जुळवायला डोंगर आडवा पलटवू नका, नाशिककर अंजनेरीची आकृती लगेच ओळखतात.

ऋतूही बघा. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात, तोवर डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. मागे श्रावणातली हिरवीगार अंजनेरी लावलीत तर इथल्या माणसाला ते खटकणारच.

लेन्सचं एकच सांगतो. पक्षी ५०० मिमीच्या लांब, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या, लेन्सने आणि डोंगर मोबाइलच्या वाइड लेन्सने काढला असेल, तर डोंगर टेकडीएवढा आणि नको तितका स्पष्ट दिसतो. डोंगरही लांब लेन्सनेच काढा, मावत नसेल तर दोन-चार फ्रेम जोडा, आणि मग थोडा ब्लर द्या.

आता पाणी. बहुतेक कॉम्पोझिट, म्हणजे जोडलेली चित्रं, इथेच उघडी पडतात. पक्ष्याचा लेयर (चित्रातला वेगळा थर) उभा पलटवला, ओपॅसिटी कमी करून तो फिकट केला, झालं प्रतिबिंब, असं होत नाही. पाणी पक्ष्याला खालून बघतं. त्यामुळे प्रतिबिंबात पोट आणि पंखाखालचा भाग जास्त दिसतो, पाठ कमी. कॅमेरा पाण्याच्या जवळ, जमिनीलगत असेल तर हा फरक नगण्य असतो आणि पलटवलेला लेयर खपून जातो. पण निरीक्षण मनोऱ्यावरून काढलेल्या फोटोत पाठ दिसत असते, आणि तीच पाठ पाण्यातही दिसली की नेमकं काय चुकलंय हे सांगता न येणाऱ्यालाही ते खोटं वाटतं. म्हणून मनोऱ्यावरचे फोटो या कामाला घेऊच नका. शक्य असेल तर पक्षी त्याच्या खऱ्या पाण्यासकट, खऱ्या प्रतिबिंबासकट उचला आणि जोड पलीकडच्या काठाच्या गवतात लपवा. मग पायाभोवतीच्या लहरीही आयत्या मिळतात. मला हीच पद्धत सगळ्यात खात्रीची वाटते.

शेवटी काळा रंग तपासा. फ्लेमिंगोच्या चोचीचं टोक काळं असतं, चित्रातला सगळ्यात गडद काळा तिथेच हवा. दूरचा डोंगर धुरकटातून दिसतो, त्याच्या सावल्या कधीच तितक्या काळ्या नसतात. कर्व्ह्‌जमध्ये (उजेड-अंधार बदलण्याच्या साधनात) डोंगराच्या लेयरचा काळा बिंदू थोडा वर उचला आणि किंचित निळसर करा. लगेच अंतर जाणवायला लागतं. दोन्ही फोटोंचे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वेगळे असतील तर दाणेदारपणा सारखा दिसावा म्हणून सगळ्यात वर एकच ग्रेनचा लेयर टाका.

आणि हे चित्र कुठेही टाकताना खाली ठळक लिहा: दोन ठिकाणचे फोटो जोडून केलेलं. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर फोटो उभ्या चौकटीत बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, त्यावर आजही बोललं जातं. नांदूरमधमेश्वर तर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे कुठला पक्षी कुठे दिसला याच्या नोंदींना फार मोल आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी फ्लेमिंगो दाखवणारा फोटो ही ओळ न लिहिता फिरत राहिला, तर उद्या कुणीतरी त्यालाच नोंद समजेल. म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फक्त मूळ फोटो टाका. स्पर्धेला पाठवायचा असेल तर आधी नियम वाचा, वन्यजीव गटात जोडलेली चित्रं बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, काहीही न बदललेली) आणि लेयरवाली फाइल दोन्ही जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता येतील.