आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी हाताने शिवायची आहे. किती साड्या लागतील आणि मध्ये फुगा येऊ नये म्हणून काय करावं?

दोन नऊवारी आणि तीन सहावारी, सगळ्या सुती, आणि गोधडी एका माणसापुरती, असं तुम्ही लिहिलंय. कापड पुरेल, उरेलही.

माप दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर लांब धरा. साडीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ११५ सेंमी असतो (कापण्याआधी मोजाच). साडीचे १६० सेंमीचे तुकडे पाडून ते आडवे लावा, म्हणजे दोन पन्ह्यांत गोधडीची लांबी भरते. नऊवारीतून ५ तुकडे निघतात, सहावारीतून ३. एका थराला २ तुकडे, म्हणजे पाच थरांना १०. पुण्या-नाशिकच्या थंडीला पाच थर बास. सातव्या थरानंतर सुई निघता निघत नाही आणि टाका खालपर्यंत पोचतोय की नाही तेही कळत नाही.

निऱ्यांचा खालचा काठ आणि नऊवारीचा काष्ट्याचा भाग सगळ्यात आधी विरतो. कापड उजेडापुढे धरून पाहा. विरलेलं आतल्या थरात चालतं, पण बोटाने ताणल्यावर फाटणारं टाकून द्या. पॉलिस्टर मिसळलेली साडी नकोच, ती थरांत सरकत राहते. सगळं कापड आधी गरम पाण्यात धुवा. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर ती साडी बाजूला ठेवा. काठाला नवी पट्टी लावणार असाल तर तीही धुऊनच लावा, नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते, जुनं कापड आटत नाही आणि कडेला चुण्या पडतात.

सगळ्या थरांचे जोड एकावर एक आले की मधोमध कडक वळ उठतो. म्हणून एक थर दोन अख्ख्या तुकड्यांचा, तर पुढचा अर्धा-अख्खा-अर्धा असा लावा. आतले थर जोडून शिवायची गरज नाही, ३ सेंमी एकमेकांवर चढवले की झालं.

आता फुगा. त्याचं मूळ शिवण्यापेक्षा अंथरण्यात असतं. फरशीवर खालचा थर उलटा पसरा, ताणून कडांना वजन ठेवा, आणि प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारत बसवा. मग १५-१५ सेंमीवर उभे-आडवे कच्चे टाके घाला. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर महिनाभराने उसवायला बसाल. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने आत शिवत नेतात. पद्धत देखणी आहे, पण तिला सरावाचा हात लागतो. सराव नसेल तर जास्तीचं कापड सगळं मध्यावर येऊन साठतं. पहिल्या गोधडीला लांबीच्या समांतर ओळी घ्या, मधली ओळ आधी, मग दोन्ही बाजूंना. एक ओळ वरून खाली, पुढची खालून वर. सगळ्या एकाच दिशेने घातल्या तर वरचा थर ओढला जाऊन गोधडी तिरकी होते.

धावदोरा, टाका ५-६ मिमी, ओळींत २ सेंमी अंतर. अशा साधारण ७५ ओळी होतात. दोरा आटतो ते धरून २०० मीटर आणा. एका ओळीला २०-३० मिनिटं लागतात, तेव्हा रोज तासभर बसलात तरी महिना-सव्वा महिना जाईल. ओळी १ सेंमीवर घेतल्या तर दोरा आणि वेळ दोन्ही दुप्पट. शिवाय दाट टाक्यांनी थर चेपतात, त्यांत अडकलेली हवा कमी होते, आणि ऊब त्या हवेचीच असते. टिकाऊपणा मात्र वाढतो. रोज धुवायच्या बाळाच्या दुपट्याला दाट टाके ठीक, पांघरायच्या गोधडीला मी २ सेंमीच सुचवेन.

दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही, म्हणून ताण आला की विरलेलं कापडच कापतो. एका वेळी हातभर, ६०-७० सेंमी ओवा. त्याहून लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी होतात. गाठ थरांच्या मध्ये लपवा.

वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, आतले विरलेले थर गोळा होतात. ओली गोधडी एका दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात. दोन समांतर दोऱ्यांवर पसरा आणि दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालू नका. काही वर्षांनी वरचा थर झिजला की उसवत बसू नका. वर-खाली एकेक नवी साडी घालून, जुन्या ओळींच्या मधून टाके घ्या.