विचारा, सांगतो : या वेळी सगळी पत्रं सिनेमाची

संपादक म्हणाले, "ही पत्रं तुमचीच." कारण सरळ आहे. तीस वर्षं मी पणजीतून शूटिंगवाल्यांचं सामान वाहिलं. आधी दुसऱ्याच्या मॅटॅडोरवर क्लीनर, मग स्वतःची गाडी. नटनट्यांपेक्षा लाइटचे स्टँडच मला जास्त ओळखतात.

काका, तीन मित्र तटावर बसून समुद्र बघतात ती जागा आग्वादला ना? दोनदा जाऊन आलो, सापडली नाही. (एक वाचक, डिचोली)

सापडायची नाही, बाबा. 'दिल चाहता है' मधला तो तट शापोरा किल्ल्यावर आहे, वागातोरला. आग्वादला दीपगृह बघा आणि परत या. शापोऱ्यावर आत फारसं काही उरलेलं नाही, तटच तेवढे आहेत. चढ थोडाच, पण पायाखालची तांबडी माती आणि खडी सरकते. चपला घालून गेलात तर उतरताना माझी आठवण येईल.

तुमची चूक नाही म्हणा. सिनेमातला गोवा नकाशावर मावतच नाही. मॅट डेमनचा 'बॉर्न सुप्रिमसी' (2004) घ्या. नायक राहतो काणकोणात, पाळोळेच्या किनाऱ्यावर, आणि थोड्याच वेळात त्याची जीप उत्तर गोव्यातल्या नेरुळच्या पुलावरून नदीत पडते. हे अंतर 70 किलोमीटरच्या वर आहे, वाटेत मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडाव्या लागतात. माझ्या मॅटॅडोरला अर्धा दिवस लागला असता.

तसंच पावसाचं. एकदा एक युनिट जूनमध्ये आलं, पावसातलं गाणं करायला. मिरामारला बाहेर मुसळधार, आणि हे मला म्हणतात, पाण्याचा टँकर आण. मला वाटलं थट्टा आहे. नंतर कळलं, खरा पाऊस कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. थेंब जाड हवेत आणि मागून लाइट मारावा लागतो, तेव्हा कुठे तो पाऊस वाटतो. मी खऱ्या पावसात भिजत खोट्या पावसाच्या टँकरला रस्ता दाखवत उभा. त्या निर्मात्याकडे माझी दोन दिवसांची भाडी अजून बाकी आहेत. नाव लिहीत नाही, त्याला ठाऊक आहे.

हॉलिवूडचे मोठे नट गोव्यात कधी आले होते? वडील सांगतात, पण कुणी विश्वास ठेवत नाही. (एक वाचक, वास्को)

वडिलांची माफी मागा. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असे तिघे एकाच सिनेमात होते, 'द सी वूल्व्हज', 1980 चा. आणि तुम्ही वास्कोचे, म्हणजे कथा तुमच्याच दारातली. दुसऱ्या महायुद्धात मुरगाव बंदरात जर्मनांची जहाजं अडकून पडली होती. पोर्तुगाल तटस्थ, तेव्हा इंग्रजांना उघड हात लावता येईना. 'एरेनफेल्स' नावाच्या जहाजावरून मात्र बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना निरोप जात होते. मग कलकत्त्याहून चहामळ्यांतले आणि व्यापारी कंपन्यांतले, पोटं सुटलेले हौशी शिपाई एका जुन्या बार्जमधून समुद्रमार्गे आले आणि 9 मार्च 1943 च्या रात्री त्यांनी जहाजावर चढाई केली. जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. ही गोष्ट ब्रिटिश सरकारने कित्येक वर्षं दाबून ठेवली होती.

या सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी मी नवा क्लीनर. रॉजर मूर पाहिला का, असं सगळे विचारतात. मी केबलची भेंडोळी पाहिली. एक उचलून बघा, मग कळेल मान वर का झाली नाही.

अमिताभचा पहिला सिनेमा गोव्याचा, हे खरं? (एक वाचक, पेडणे)

खरं. 'सात हिंदुस्तानी', 1969, ख्वाजा अहमद अब्बास यांचा, विषय गोवामुक्तीचा. 1972 च्या 'बॉम्बे टू गोवा'त मात्र गोव्यापेक्षा बसच जास्त आहे.

गोव्याचे लोक पडद्यावर फारसे दिसत नाहीत, मग आपण सिनेमाला दिलं काय? (एक शिक्षक, फोंडा)

मास्तर, पडद्यावर शोधू नका, कान द्या. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. मुंबईत संगीतकार चाल गुणगुणायचा, पण ती साठ वादकांसाठी कागदावर उतरवणार कोण? आमचे गोंयकार. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवायचे आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते शिष्याने गुरूला केलेलं वंदन. अख्खा देश ते नाव गुणगुणला. माजोर्ड्याच्या त्या माणसाला रस्त्यात किती जणांनी ओळखलं असतं?

तुम्ही फोंड्याचे, म्हणून मंगेशीचं वेगळं सांगत नाही. दीनानाथांनी आडनावच गावावरून घेतलं.

नोव्हेंबरात इफ्फीला येणार आहे. नटनट्या नक्की कुठे दिसतील? (एक वाचक, सावंतवाडी)

2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आहे. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीजवळ आयनॉक्सच्या आवारात उभे राहा, लाल गालिचा तिथेच. पण तिथे तुम्हाला पुढच्या माणसाचा मोबाइलच दिसेल, आणि त्या मोबाइलात नट. त्यापेक्षा प्रतिनिधी म्हणून नोंदणी करा आणि सकाळी नऊचा खेळ धरा. कधीकधी दिग्दर्शक स्वतः शेजारच्या खुर्चीत जांभया देत असतो.

आणि फोन्तेन्हासला, पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, फोटो काढायला जाल तर हळू बोला. ती घरं आहेत, सेट नव्हे. "फोटो काढू नका" अशा पाट्या लागल्यात, त्या गंमत म्हणून नाहीत.

शेवटची काही वर्षं महोत्सवात पाहुण्यांची गाडी चालवायचो. एका सकाळी एका म्हाताऱ्या नटाला विमानतळावर सोडायचं होतं. हॉटेलचा नाश्ता त्यांनी घेतला नव्हता, पोट बिघडलेलं. मी गाडी घरावरून नेली. बायकोने उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला. दोन वाट्या पेज संपवल्यावर त्यांनी तिचं नाव विचारलं. ती आत गेली, साडी बदलून आली आणि मग सांगितलं. विमान थोडक्यात चुकायचं राहिलं.