पहिला चौरंग करतोयस म्हणून

नक्षीची घाई करू नकोस. जुन्या वाड्यांतले चौरंग टिकलेत ते सांध्यांमुळे. पाय जोडणाऱ्या पट्टीचा कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, पायाच्या खाचेत हाताच्या दाबाने जावा, शेवटी मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) हलका ठोका पुरे. भसकन आत गेला तर सैल, बडवावा लागला तर पाय चिरणार. खूण पेन्सिलीऐवजी खतावणीने, म्हणजे कडेला समांतर रेघ ओरखडणाऱ्या हत्याराने मार, पटाशीला (लाकूड कोरायच्या छिन्नीला) नेमकी रेघ मिळते.

पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर फारच छान! फक्त रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरव, आत मोडके खिळे असतात.

आणि वरची फळी चारी बाजूंनी चिकटवून टाकू नकोस, हे मात्र नक्की ऐक. पावसाळ्यात ती रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. हलायला जागा नसली की मधोमध तडकते.