टॉवरचा पाया रात्रंदिवस न थांबता का भरतात? थोडा थोडा, फक्त दिवसा भरला तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की परळला तुमच्या इमारतीसमोर टॉवरचं काम चालू आहे. शनिवारी संध्याकाळी काँक्रीटच्या गाड्या सुरू झाल्या, त्या सोमवारी पहाटेपर्यंत थांबल्याच नाहीत. हे काम थोडं थोडं करता येत नाही का, बिल्डर नुसती घाई करतोय का आणि तुमच्या जुन्या इमारतीला यातून धोका आहे का, असे तीन प्रश्न आहेत. मी अशाच कामांवर काँक्रीटची क्वालिटी बघतो, तेव्हा उत्तर बिल्डरच्या बाजूचं वाटलं तर तेवढी सूट द्या.

थोडं थोडं करता येतं, आणि करतातही. दुबईच्या बुर्ज खलिफाचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा पायाचा सलग जाड काँक्रीटचा थर, ३.७ मीटर जाड आणि सुमारे १२,५०० घनमीटरचा आहे. तो चार भागांत भरला: इमारतीच्या तीन पंखांचे तीन आणि मधल्या गाभ्याचा एक. मात्र त्यातला एकेक भागसुद्धा किमान २४ तास चालला होता. तुकडे पाडायला कुणाची ना नसते. तुकडा कुठे संपणार हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी ठरवलेलं असावं लागतं, एवढंच. ठरवून सोडलेल्या सांध्यावर जाळी लावतात, सळ्या पलीकडे काढून ठेवतात, पाणी अडवायला वॉटरस्टॉपची पट्टी बसवतात आणि पुढचं काँक्रीट पडण्याआधी जुना पृष्ठभाग खरवडून घेतात. परळच्या नाक्यावर गाडी अडकली म्हणून आपोआप पडलेल्या सांध्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला साइटवर कोल्ड जॉइंट म्हणतात. अर्धवट घट्ट झालेल्या थरावर नवा थर पडतो, दोघं एकजीव होत नाहीत, मध्ये एक फट राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण पाण्याला सापडते. मुंबईत थोडं खणलं की पाणी लागतं आणि टॉवरला तर दोन-तीन बेसमेंट असतात, म्हणजे राफ्ट कायमचा पाण्याखाली. शिवाय लिफ्टच्या गाभ्याभोवती राफ्टवर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे नको त्या जागी सांधा कुणालाच परवडत नाही.

म्हणून रात्र. आता तुमच्या समोर नक्की काय चाललं होतं त्याचा अंदाज देतो. ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर जाड असा मध्यम राफ्ट धरा. झालं ३,६०० घनमीटर. आपल्याकडे गाडीत साधारण ६ घनमीटर येतं, म्हणजे ६०० खेपा. तीन पंप मिळून तासाला १०० घनमीटर काढत असतील तर ३६ तास लागतात. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट, हिशेब जुळतो. तासाला सतरा गाड्या, म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एक. प्लांटवर भरणं, येणं, रांगेत उभं राहणं, रिकामं होणं, ड्रम धुणं, परत जाणं यात अडीच तास जात असतील तर बेचाळीस गाड्या सतत फिरत्या हव्यात. ट्रॅफिकने हाच फेरा साडेतीन तासांवर नेला की साठेक गाड्या लागतात, आणि जास्तीच्या अठरा गाड्या ऐन वेळी कुणी देत नाही. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते ती वेगळीच. शनिवार-रविवार निवडतात तो यासाठी. तुमची झोप मोडते हे खरं आहे आणि रात्री दहानंतर आवाजाचे नियमही आहेत, त्यामुळे साइटकडे रात्रीची परवानगी होती का, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या साइटवर परवानगीची प्रत गेटवर लावलेली असते.

अमेरिकेतही हेच झालं. लॉस एंजेलिसच्या विल्शायर ग्रँड टॉवरचा पाया १५ आणि १६ फेब्रुवारी २०१४ ला, शनिवारी दुपारनंतर सुरू करून रविवारी संपवला. जाडी साडेसतरा फूट, काँक्रीट १६,२०८ घनमीटर, वेळ अठरा तासांच्या थोडा वर, खेपा एकवीसशेहून जास्त. भागून बघा, दर अर्ध्या मिनिटाला एक गाडी! गिनीजने तेव्हा विक्रम म्हणून नोंदवला आणि सुरुवातीला विद्यापीठाचं बँडपथकही वाजलं. (आपण नारळ फोडतो, त्यांनी बँड लावला.) आंध्रात पोलावरम धरणावर जानेवारी २०१९ मध्ये २४ तासांत ३२ हजारांहून जास्त घनमीटर ओतलं, पण ते मोकळ्या माळावर. शहरातलं काम मोजायचं तर शांघाय टॉवर बघा: मार्च २०१० मध्ये सहा मीटर जाडीचा, ६१,००० घनमीटरचा पाया सलग साठ तासांत. मला यात आकड्यापेक्षा वाहतुकीचं नियोजन जास्त थोर वाटतं. काँक्रीट बनवायला पैसे लागतात, पण भर शहरात तासाला हजार घनमीटर पोहोचवायला पोलीस, प्लांट, पंपवाले आणि पाऊस सगळे एकाच दिवशी आपल्या बाजूला लागतात.

गाड्या आल्या म्हणून भागत नाही. वरच्या आकाराच्या राफ्टवर अर्ध्या मीटरचा थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत नेला तर त्यातच ६०० घनमीटर, म्हणजे सहा तास जातात. परत पहिल्या टोकाला येईपर्यंत तिथला माल आवळायला लागलेला असतो. रिटार्डर, म्हणजे काँक्रीट उशिरा आवळेल असं रसायन, घालून वेळ वाढवता येते, पण मे महिन्यात त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. म्हणून पूर्ण राफ्टवर थर पसरत नाहीत. एका बाजूने सुरू करून, पायऱ्या-पायऱ्यांचा उतार ठेवत पुढे सरकतात, म्हणजे ताज्या मालाची उघडी बाजू लहान राहते आणि तिच्यावर तास-दोन तासांत पुढचा माल पडतो. सळ्यांच्या वरच्या जाळीत माणूस जाईल एवढ्या खिडक्या सोडलेल्या असतात. त्यांतून पंपाचा होज खाली सोडतात, कारण काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू द्यायचं नसतं, खडी वेगळी होते. निडल, म्हणजे काँक्रीट हलवून दाट बसवणारा व्हायब्रेटर, चालवणारा तिथूनच आत उतरतो. पायाखाली जाड सळ्या, डोक्यावर जाड सळ्या, गमबूट चिखलात, अंगावर गरम माल, आणि हातातला व्हायब्रेटर सुटता कामा नये. या सगळ्या कामात मला सगळ्यात अवघड जागा तीच वाटते, आणि तिथे उभा असलेला माणूस बहुतेक वेळा साइटवरचा सगळ्यात कमी रोजाचा असतो.

आता उष्णतेकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात ती नाही, पण आमची झोप ती उडवते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया होते आणि तिच्यातून उष्णता निघते. घरच्या स्लॅबची ती लगेच उडून जाते. तीन मीटर जाडीच्या मधोमध ती अडकते. वाफेवरून काढलेला मोदक हाताला गार लागतो आणि आतलं सारण जीभ भाजतं, तसं. ढोबळ हिशेब असा की घनमीटरमागे दर १०० किलो साध्या सिमेंटला गाभा सुमारे १२ अंशांनी तापतो. ४५० किलो सिमेंट असेल तर वाढ ५४ अंश. माल ३२ अंशांवर पडला असेल तर आत ८६. हे चालत नाही. गाभा ७० अंशांच्या वर गेला तर काँक्रीटमध्ये पुढे काही वर्षांनी आतून फुगून तडे पाडणारी क्रिया सुरू होऊ शकते. शिवाय गाभा आणि पृष्ठभाग यांत वीसेक अंशांपेक्षा जास्त फरक पडला की आकसणारी बाहेरची बाजू आतल्या फुगलेल्या भागावर ताणली जाते आणि चिरते.

उपाय दोन. एक, सिमेंटचा मोठा हिस्सा काढून त्याजागी वीजकेंद्रातल्या कोळशाची राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतून निघालेल्या मळीची पूड, जीजीबीएस, वापरायची. ताकद सावकाश येते, म्हणून २८ ऐवजी ५६ दिवसांची ताकद धरायची, पण माल कमी तापतो. दोन, माल गार करूनच पाठवायचा. मिक्सरमध्ये पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालतात. वितळताना तो जेवढी उष्णता खातो तेवढी नुसतं गार पाणी खात नाही. घनमीटरमागे साधारण सहा किलो बर्फाला एक अंश उतरतो. ३२ वरून २५ वर आणायचं म्हणजे चाळीसेक किलो, आणि ३,६०० घनमीटरला जवळजवळ दीडशे टन बर्फ! तो वितळून पाणीच होणार असतो, म्हणून पाण्याच्या हिशेबातून तेवढं वजा करावं लागतं. गेटवर प्रत्येक गाडीचं तापमान आणि स्लम्प, म्हणजे माल किती पातळ आहे ते, बघून मगच ती पंपाला लावतात. रांगेत ताटकळलेल्या गाडीत ड्रायव्हर पाणी ओततो, माल परत पातळ दिसतो आणि ताकद जाते. म्हणून पाण्याच्या पाइपावर एक माणूस उभा ठेवावा लागतो. बाजूला क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरणं चालूच असतं. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६ प्रमाणे, ३,६०० घनमीटरला ७५ नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे २२५ क्यूब तरी हवेतच.

आणि भरून झाल्यावर, उन्हाळा असला तरी, तापलेला राफ्ट झाकतात. प्लॅस्टिक, वर थर्माकोल, वर गोणपाट. लोकांना वाटतं गार पाणी मारायला हवं. गार पाण्याने वरचा थर पटकन थंड होतो आणि आतला फरक वाढतो, नेमकं तेच टाळायचं असतं. खाली, मध्ये आणि वर वायरी पुरून ठेवलेल्या असतात, त्यांवर तास-दोन तासांनी तापमान लिहितात. आठ-पंधरा दिवस तुम्हाला खिडकीतून तिथे नुसता झाकलेला मैदानासारखा चौकोन दिसेल. काम बंद पडलेलं नसतं.

बिल्डरच्या घाईबद्दल: घाई त्याला असतेच, पण ती तुम्हाला राफ्टच्या रात्री दिसणार नाही. ती नंतर दिसते, झाकण लवकर काढण्यात.

तुमच्या इमारतीला भरणीमुळे धोका नाही. व्हायब्रेटरचा हादरा काँक्रीटच्या बाहेर फारसा जात नाही. धोक्याचं काम आधी झालं: खोदाई, खडक फोडणं आणि उपसा. खड्ड्यातलं पाणी उपसताना शेजारच्या जमिनीतलंही पाणी ओढलं जातं आणि खाली चिकणमाती असेल तर ती दबते. उपसा इतक्यात थांबणारही नाही. पाण्याच्या पातळीखाली दहा मीटर असलेल्या राफ्टला पाणी दर चौरस मीटरला दहा टनांनी वर ढकलतं आणि तीन मीटर काँक्रीटचं वजन साडेसात टनच भरतं, त्यामुळे वर काही मजले चढेपर्यंत पंप चालू ठेवावेच लागतात. तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर डेव्हलपरला पत्र द्या, प्रत वॉर्ड ऑफिसला. त्यात तीन गोष्टी मागा: खोदाईआधी तुमच्या इमारतीची पाहणी करून काढलेले फोटो, इमारतीवर लावलेल्या सेटलमेंट मार्करची (इमारत किती खचली ते मोजायच्या खुणांची) आजवरची रीडिंग आणि उपसा बंद होईपर्यंत दर आठवड्याचं रीडिंग. मार्कर लावलेच नसतील तर ते याच आठवड्यात लावून मागा, आणि जिन्यातल्या जुन्या तड्यांवर तारीख लिहून तुमचे स्वतःचे फोटो काढून ठेवा.