वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या माणसांमुळे साथीविषयीची लोकांची वृत्ती घडते का?

डॉक्टर आणि परिचारिका साथीला इतरांपेक्षा कमी घाबरतात का आणि त्यांच्या वागण्याचा भोवतालच्या लोकांवर परिणाम होतो का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्याच घरात घडलेले असल्यामुळे आधी तेच लिहिते.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात ३१ वर्षे आरोग्यसेविका होते आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. माझे एएनएमचे, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविकेचे, शिक्षण दीड वर्षाचे. माझा भाचा एमबीबीएस झालेला असून मुंबईत नोकरी करतो. २०२० च्या चतुर्थीपासून आमच्यात जो वाद चालू आहे, तो अजून मिटलेला नाही.

त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि कोविडमुळे मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरणाचे १४ दिवस कमी करून १० केले होते. वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावात ग्रामकृतीदलाने मराठी शाळेचे तीन वर्ग मोकळे करून घेतले होते, आणि मी निवृत्त असले तरी कोण कोणत्या गाडीने आला, सोबत कोण होते, ताप कधी पाहिला, ही यादी ठेवण्याचे काम माझ्याकडेच आले. सतरा माणसे शाळेत मुकाट्याने राहत होती. घर हाकेच्या अंतरावर असूनही आईने आणलेला डबा खिडकीतून घ्यावा लागत होता, पण कुणाची तक्रार नव्हती.

पाचव्या दिवशी भाचा आला. "माझा अहवाल निगेटिव्ह आहे, चार महिने मी कोविडच्या वॉर्डात काढले आहेत, मला कशाला शाळेत बसवतेस, आत्या?" असे म्हणून तो सरळ घरी गेला. संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि लक्षणे दिसायला १४ दिवसही लागू शकतात, हे मला परिपत्रकांतून कळले होते. त्याने तर ते रोज डोळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत अकरा माणसे उरली होती. बाहेर पडलेल्यांपैकी एकाला मी अडवले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरच बसाक नाय, तर आमी कित्याक बसाचा?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाच्याचे मात्र मत ठाम होते: लोक अडाणी आहेत, शाळेच्या दाराशी पोलीस उभा करा.

मला हे मत मुळीच मान्य नाही, आणि त्याचे मूळ मी त्याच्या शिक्षणात शोधते. समाजवैद्यक, म्हणजे सगळ्या समाजात आजार पसरू नये म्हणून काय करायचे हे शिकवणारा, ज्याला ही मुले पीएसएम म्हणतात, तो विषय उत्तीर्ण होण्यापुरता वाचायचा आणि खरे वैद्यक खाटेवरच्या रुग्णात आहे असे मानायचे, हीच त्याच्या वेळची रीत होती. २०१६ नंतर दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात गोचीड चावल्याने होणारा माकडताप पसरला, तेव्हा ती चावू नये म्हणून आम्ही अंगाला लावायचे डीएमपी तेल वाटत होतो. काजूच्या बागेत जाणाऱ्या बायका बाटली घेत आणि कोनाड्यात ठेवून देत. मी त्यांच्यासमोर स्वतःच्या हातापायांना तेल चोळून त्यांच्याबरोबर बागेत जाऊ लागले, तेव्हा कुठे बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. पुढे मेलेले माकड दिसले, म्हणजे या तापाची खूण दिसली, की त्याच बायका आपणहून निरोप पाठवू लागल्या. लोकांनी करावे असे वाटते ते आधी स्वतः करून दाखवायचे, दीड वर्षाच्या प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवले होते.

भाच्यावर अन्याय नको म्हणून सांगते, की त्याच्यामुळे गावात कुणालाही आजार झाला नाही. चार महिने किटमध्ये घामाने भिजून काम केलेल्या माणसाला आईच्या हातचे जेवण हवे होते, हेही मला कळत होते. शिवाय २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणे आणि नीतिमत्ता यांना वेगळी जागा मिळाली आहे आणि साथीच्या व्यवस्थापनाचा भागही २०२० मध्येच आला. त्यामुळे नवी मुले कदाचित वेगळी असतील.

राहिला आपला पहिला प्रश्न. आम्ही कमी घाबरतो असे नाही. आम्हाला भीतीची सवय झालेली असते आणि त्या सवयीमुळेच नियम इतरांसाठी आहेत असे वाटू लागते. निदान भाच्याचे तसे झाले होते. तो हे आजही मान्य करत नाही. आपण स्वतः वैद्यकीय विद्यार्थी असाल, तर पुढच्या साथीत गावी गेल्यावर शाळेत सर्वांत आधी आपली चटई टाका. यादी ठेवणाऱ्या बाईचे काम निम्मे होईल.