दंडाचा पैसा कुणाचा? इस्लामी बँकिंगवरील प्रश्नोत्तरे

इस्लामी बँकिंगबद्दल येणाऱ्या पत्रांमध्ये ठरलेली दोन टोके असतात. काहींच्या मते हे सगळे थोतांड आहे, व्याजाला नुसते दुसरे नाव दिलेले. काहींच्या मते धर्माचे नाव घेतले की फसवणुकीचा प्रश्नच मिटतो. दोन्ही मते ऐकीव असतात आणि दोघांनीही करार वाचलेला नसतो. तेच ते घोळ पुन्हा पुन्हा येत असल्याने काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : इस्लामी बँकेत फक्त मुसलमानांनाच खाते उघडता येते का?

नाही. कुणालाही येते. मलेशियातल्या इस्लामी बँकांकडे बिगरमुस्लिम ग्राहक भरपूर आहेत.

प्रश्न : बँक व्याज घेत नाही, मग तिचा खर्च कशातून भागतो?

व्यापारातून, भाड्यातून आणि भागीदारीतून. पैसे उसने देऊन त्यावर वाढ घेणे तिला निषिद्ध आहे, कमाई नाही.

सर्वात जास्त चालणारा करार मुराबहा. समजा तुम्हाला शिलाई यंत्र हवे आहे आणि त्याची किंमत १०० आहे. बँक ते स्वतः विकत घेते, आपली खरेदी किंमत तुम्हाला उघड सांगते आणि ११२ ला उधारीवर विकते. वरचे १२ हा विक्रीतला नफा. किंमत एकदा ठरली की ठरली, हप्ता लांबला म्हणून ११२ चे ११३ होत नाहीत. इजारा म्हणजे वस्तू बँकेच्या मालकीची ठेवून भाड्याने देणे. मुदारबात भांडवल एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची असते. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, तोटा मात्र भांडवलवाल्याच्या खिशातून जातो, अर्थात दुसऱ्याने हलगर्जीपणा किंवा लबाडी केली नसेल तर. मुशारकात दोघेही पैसे घालतात आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसतात.

शेवटचे दोन करार या व्यवस्थेचा अभिमान म्हणून सांगितले जातात. कर्जवाटपाच्या बाजूला ते अगदी थोडे सापडतात.

प्रश्न : शेवटी हप्ता इतर बँकांएवढाच येतो. मग हे व्याज नाही तर काय?

हप्ता तेवढाच येऊ शकतो. बाजारातला व्याजदर बघूनच या बँका आपला नफा ठरवतात आणि ते कुणी लपवतही नाही. फरक आकड्यात शोधू नका, जोखमीत शोधा. बँकेने यंत्र घेतल्यापासून तुम्हाला विकेपर्यंत मालक बँक असते. तेवढ्या वेळात ते गोदामात जळाले तर नुकसान बँकेचे.

म्हणून कागदांवरच्या तारखा बघा. आधी तुमचे खरेदीचे वचन, मग बँकेच्या नावावरचे बिल, मग बँकेने ताबा घेतल्याची नोंद आणि सर्वात शेवटी तुमच्याशी केलेला विक्रीचा करार, हा क्रम हवा. विक्रेत्याचे बिल आधीच तुमच्या नावावर फाटले असेल आणि करार त्यानंतरचा असेल, तर बँकेने तुम्हाला विकले तरी काय? तुमचीच वस्तू?

रोख रक्कम देणाऱ्या योजनांबाबत आणखी सावध राहा. त्यात बहुधा तवर्रुक असते. बँक तुम्हाला एखादा धातू उधारीवर विकते आणि लगेच तुमच्याच वतीने तो तिसऱ्याला रोखीने विकून पैसे तुमच्या खात्यात टाकते. तो धातू तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला नसतो, पाहायचाही नसतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (म्हणजे धर्मशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये शारजातल्या अधिवेशनात अशा बँकेने जुळवून आणलेल्या तवर्रुकला नकार दिला. तरी आखातात आणि मलेशियात तो सर्रास चालतो, कारण तिथली शरिया मंडळे, म्हणजे व्यवहार इस्लामी धर्मकायद्यात बसतो का हे ठरवणारी जाणकारांची मंडळे, वेगळे मत देतात. तुम्हाला कोणते मत मान्य, हे तुमच्या विश्वासातल्या जाणकार आलिमाला, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला, विचारून ठरवा. विक्री प्रतिनिधीला विचारू नका, त्याचे उत्तर ठरलेलेच असते.

प्रश्न : एका ओळखीच्या एजंटाने 'हलाल गुंतवणूक, दरमहा ठरावीक नफा, मुद्दलाची हमी' अशी योजना आणली आहे. पैसे गुंतवू का?

नको.

भागीदारीतल्या नफ्याचे प्रमाण आधी ठरवता येते, रक्कम ठरवता येत नाही. मुद्दलाची हमी आणि ठरलेली वाढ हे दोन्ही एकत्र मिळत असेल तर ज्याला तुम्ही व्याज म्हणून नाकारता तेच तुमच्या हातात पडले. नाहीतर ती निव्वळ टोपी आहे. इजिप्तमध्ये १९८० च्या दशकात धार्मिक वेश घेतलेल्या गुंतवणूक कंपन्यांनी बँकांपेक्षा कितीतरी जास्त परतावा देऊन लोकांच्या ठेवी ओढल्या. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून हिशेब मागितले, तेव्हा त्यातली सर्वात गाजलेली अल-रय्यान कोसळली आणि हजारोंची बचत अडकली. त्या बँका नव्हत्याच. केंद्रीय बँकेचा परवाना त्यांच्याकडे नव्हता.

परवाना असला म्हणजेही सगळे झाले असे नाही. तुर्कस्तानात २००१ मध्ये इहलास फिनान्स या बिनव्याजी वित्तसंस्थेचा परवाना गेला, तेव्हा अशा संस्थांच्या ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते. म्हणून परवाना आणि ठेवविमा या दोन्ही गोष्टी नियामकाकडूनच तपासून घ्या आणि मोठी रक्कम असेल तर स्वतंत्र सल्लागाराला दाखवा. भिंतीवर टांगलेला फतवा म्हणजे परवाना नव्हे.

प्रश्न : आमच्या बँकेच्या वार्षिक अहवालात समाजकार्यावर बरीच पाने आहेत. हप्ता चुकल्यावर घेतलेला दंडही बँक दान करते असे कळले. म्हणजे सामाजिक जबाबदारीत इस्लामी बँका पुढे आहेत, असे म्हणायला हरकत नाही ना?

हरकत आहे. हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरे झाले, कारण या बाबतीत बँका जितक्या आरामात सुटतात तितक्या दुसऱ्या कशातही सुटत नाहीत.

उशिराबद्दल घेतलेला दंड बँकेने स्वतःकडे ठेवला तर ते सरळ व्याज होईल. म्हणून बहुतेक शरिया मंडळांनी मधला मार्ग काढला. टाळाटाळ करणाऱ्याला जरब बसावी म्हणून दंड घ्यावा, पण बँकेच्या उत्पन्नात एक पैसाही न धरता तो दानात द्यावा. चुकून आलेल्या निषिद्ध उत्पन्नाचेही तसेच, मग ते दुसऱ्या बँकेत पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याज असो की शरियाच्या तपासणीत बाद ठरलेल्या व्यवहाराचा नफा. तो पैसा बँकेचा कधी नव्हताच. जो आपला नाही तो देऊन टाकणे याला कर्तव्य म्हणतात. त्यावर बँकेचे बोधचिन्ह छापून, मोठा धनादेश हातात धरून छायाचित्र काढले की तीच रक्कम औदार्य होऊन अहवालात येते. ते दान खरे तर हप्ता चुकलेल्या कर्जदारांच्या खिशातून आलेले असते आणि छायाचित्रात ते कुठेच नसतात.

कसे तपासायचे? रंगीत पाने सोडा आणि मागच्या बाजूच्या हिशेबांकडे जा. इस्लामी वित्तसंस्थांची लेखामानके ठरवणारी आयोफी ही संस्था बहरीनमध्ये १९९१ पासून आहे. तिच्या मानकांमध्ये जकात (मुसलमानाने संपत्तीतून द्यायचे सक्तीचे दान) आणि दाननिधी कुठून आला व कुठे गेला याचे वेगळे पत्रक मागितलेले आहे, कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी कर्जाच्या निधीचेही. त्या पत्रकात आरंभीची शिल्लक, आलेला पैसा, गेलेला पैसा आणि अखेरची शिल्लक असते. आलेल्यात 'उशिराचे शुल्क' किती आणि भागधारकांनी नफ्यातून स्वतःहून दिलेले किती, ते वेगळे काढा. हा दुसरा आकडाच बँकेचे औदार्य. अखेरची शिल्लक वर्षागणिक फुगत असेल तर दान झालेले नाही, पैसा बँकेतच बसून आहे. आणि लाभार्थी म्हणून बँकेच्याच प्रतिष्ठानाचे नाव असेल तर त्या प्रतिष्ठानाचा हिशेबही मागा.

काही बँका दंडातून वसुलीचा खर्च वजा करतात. मलेशियात प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाई बँकेला उत्पन्नात धरता येते आणि त्यापलीकडचा दंड दानात जातो. नियम म्हणून ते ठीक आहे, पण ग्राहकाला आपण भरलेल्या रकमेपैकी कुठला भाग कुठे गेला हे कळले पाहिजे. लेखी विचारा. 'धोरणानुसार' एवढेच उत्तर आले तर बँकेच्या शरिया विभागाला पत्र लिहा आणि तिथेही दाद लागली नाही तर नियामकाला.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आयोफीने २००९ मध्ये सामाजिक जबाबदारीवर स्वतंत्र मानक आणले. ग्राहकांशी जबाबदारीने वागणे, निषिद्ध उत्पन्नाचा हिशेब, कर्मचाऱ्यांचे कल्याण आणि जकात या गोष्टी त्यात सक्तीच्या आहेत. कर्ज-ए-हसना आणि छोट्या उद्योगांना साहाय्य यांची मात्र शिफारस आहे. गरिबाला ज्याची खरी गरज, तेच ऐच्छिक.

प्रश्न : पत्नीच्या नावाने खाते किंवा कर्ज घ्यायचे तर नवऱ्याची संमती लागते का?

खात्याला शरियानुसार लागत नाही. तिची मालमत्ता तिचीच. बँक सही मागत असेल तर तो कुठला नियम, हे लेखी मागा. कर्जाला जामीनदार लागतो ही वेगळी गोष्ट, ती सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : इस्लामी बँकिंग इतके वाढले आहे, तर त्याचा लाभ गरिबांपर्यंत पोचला असेलच ना?

वाढीचा आकडा मोठा आहे. जगभरातल्या इस्लामी वित्तक्षेत्राची मालमत्ता तीन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे आणि त्यात मोठा वाटा बँकांचा आहे. पण त्यावरून गरिबांबद्दल काहीच कळत नाही. तेलाच्या पैशाने वाढलेली, पगारदारांना घर आणि गाडी देणारी बँकही त्यात आली.

सुरुवात अशी नव्हती. १९६३ मध्ये अहमद अल-नज्जार यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मित गम्र गावात बचत बँक काढली, ती जर्मनीतल्या बचत बँका पाहून. ग्राहक होते शेतकरी आणि छोटे कारागीर, ज्यांनी आधी बँकेची पायरी चढलेली नव्हती. तो प्रयोग काही वर्षांतच आवरला गेला. १९७५ मध्ये जेद्दाची इस्लामी विकास बँक आणि दुबई इस्लामी बँक आली आणि पुढची वाढ आखातातल्या भांडवलावर झाली.

गरिबांपर्यंत पोचलेले अपवाद आहेत. इस्लामी बँक बांगलादेशने १९९५ मध्ये ग्रामीण विकास योजना सुरू केली. त्यात गट करून, मुख्यतः बायकांना, रोख देण्याऐवजी वस्तू उधारीवर दिल्या जातात. पाकिस्तानात २००१ मध्ये अमजद साकिब यांनी उभी केलेली अखुवत ही संस्था बिनव्याजी छोटी कर्जे देते. मशिदींप्रमाणे चर्चमध्येही तिचे कर्जवाटप झाले आहे. साकिब यांना २०२१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण अखुवत बँक नाही, ती देणग्यांवर उभी आहे.

बँका मागे का राहतात? कारण मुराबहालाही तारण लागते, जामीनदार लागतो आणि छोट्या कर्जाच्या कागदपत्रांचा खर्च मोठ्या कर्जाएवढाच येतो. भागीदारी करायची तर धंद्याचा हिशेब रोज बघावा लागतो आणि फेरीवाल्याच्या वहीत बसायला बँकेकडे माणूस नसतो. 'सर्वसमावेशक' असे कुणी म्हणाले की इतकेच विचारा : तारणाशिवाय दिलेले अर्थसाहाय्य एकूण अर्थसाहाय्याच्या किती टक्के?

प्रश्न : बँक जकात काढते. मग मी वेगळी द्यायची का?

देशानुसार आणि बँकेनुसार उत्तर बदलते. पाकिस्तानात ठरावीक बचत खात्यांमधून रमजानच्या सुरुवातीला २.५ टक्के कापले जातात. इतरत्र बरीचदा बँक फक्त भागधारकांच्या वाट्याची जकात काढते, तुमच्या ठेवीची नाही. बँकेकडून लेखी घ्या आणि तो कागद घेऊन आलिमाकडे जा.

प्रश्न : मुराबहा मुदतीआधी फेडला तर उरलेल्या नफ्यात सूट मिळते का?

करारात असेल तर हक्काने मिळते, नसेल तर बँकेच्या मर्जीने. मलेशियाच्या केंद्रीय बँकेने २०११ मध्ये विक्रीवर आधारलेल्या अर्थसाहाय्याच्या करारात ही सूट लिहिणे बंधनकारक केले. इतर ठिकाणी सही करण्याआधीच विचारा. नंतर विचारणारे फार आहेत आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : धंदा बसल्याने बरेच हप्ते थकले आहेत. इस्लामी बँक असल्याने दंड लागणार नाही, असे मित्र म्हणाला म्हणून बँकेत गेलो नाही. आता नोटीस आली आहे. काय करू?

मित्राला विचारणे थांबवा आणि उद्याच बँकेत जा.

कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, असे कुराणातल्या दुसऱ्या सुऱ्यात (२:२८०) स्पष्ट म्हटले आहे. ऐपत असून टाळणाऱ्याला आणि ऐपतच नसलेल्याला एकच माप लावायचे नाही, हे शरिया मंडळेही मानतात. पण तुमची ऐपत नाही हे बँकेला कळणार कसे? तुम्ही गप्प बसलात तर तिच्या नोंदीत तुम्ही टाळाटाळ करणारेच. जाताना मागच्या वर्षभराचा हिशेब, बंद पडलेल्या व्यवहारांचे कागद, खात्याचा उतारा आणि मूळ करार न्या. हप्त्यांची फेरमांडणी लेखी अर्जाने मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एकूण रक्कम वाढवून नवा करार पुढे केला तर जागेवर सही करू नका, कारण थकलेल्या येण्यावर वाढ लावून नवी विक्री दाखवणे म्हणजे मागच्या दाराने आलेले व्याज. तो करार आधी वकिलाला आणि बँकेबाहेरच्या शरिया जाणकाराला दाखवा. नोटिशीवर उत्तराची मुदत असते, ती कोणत्या तारखेला संपते ते आजच बघा.