सीबी रेडिओला पॉवर माइक लावल्यापासून शिट्टी येते आणि आवाज फाटतो. माइक बदलू का?

तुम्ही लिहिलंय की, गाडीतल्या सीबी रेडिओचा (२७ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंनी बोलायचा रेडिओ) मूळ माइक काढून पॉवर माइक (आत बॅटरी आणि अॅम्प्लिफायर असलेला माइक) लावला, तेव्हापासून बटण दाबलं की समोरच्याला शिट्टी ऐकू येते आणि तुमचं बोलणं घोगरं, फाटलेलं पोचतं. माइक इतक्यात बदलू नका. यातल्या बहुतेक तक्रारींत माइक चांगलाच असतो.

आधी माइकवरचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, पार खाली आणा आणि तिथून थोडा थोडा वाढवत कुणाला तरी ऐकायला सांगा. एएमवर (आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची बदलणारी पद्धत) सीबीची ताकद ४ वॅट असते आणि आवाजाने ती लहर १०० टक्क्यांपर्यंतच भरता येते. त्यापुढे गेन वाढवला की आवाज मोठा होत नाही, तो कापला जातो. शिवाय दोन शब्दांमधल्या फटीत इंजिनाची घरघर आणि पंख्याचा वारा भरतो. माइकमधली बॅटरीही बघून घ्या. ती उतरली असेल तरी आवाज असाच चिरका होतो.

आता शिट्टी. ती दोन वाटांनी येते आणि आपल्याकडे कुठली वाट आहे हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नये. पहिली वाट हवेतून. काही रेडिओंत टॉकबॅक असतो, म्हणजे बोलताना तुमचाच आवाज तुमच्या स्पीकरमधून येतो. माइक तो परत उचलतो आणि चक्र सुरू होतं. टॉकबॅक शून्यावर आणा. शेजारी दुसरा सीबी त्याच चॅनलवर चालू असेल तर त्याचाही आवाज बंद करा. शिट्टी थांबली तर काम संपलं.

नाही थांबली तर अँटेनाची केबल काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (लहर हवेत न सोडता स्वतःतच जिरवणारा रोधक) लावा आणि पुन्हा बटण दाबा. काहीच न जोडता मात्र कधीही ट्रान्समिट करू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. डमी लोडवर शिट्टी गायब झाली तर दुसरी वाट सापडली : अँटेनातून निघालेली रेडिओलहर माइकच्या वायरवर परत येते, आतल्या अॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि तिचाच आवाज बनतो. माइकची वायर हाताने हलवली की सूर बदलतो, हीही तिची खूण आहे.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. दोन माइक बदलून झाले, तिसरा आणणार होतो. शेवटी अँटेनाचा ब्रॅकेट खोलला, तर बोल्टखाली रंगाचा अखंड थर होता आणि धातूला धातू टेकतच नव्हता. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे गेलेल्या ताकदीतली किती परत येते ते दाखवणारा आकडा, जितका एकच्या जवळ तितका चांगला) सगळ्या चॅनलवर तीनच्या वर जात होता. नाण्याएवढी जागा सँडपेपरने चकचकीत घासून बोल्ट आवळला. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला आणि त्याच माइकची शिट्टी गेली. तुम्हीही चॅनल १, २० आणि ४० वर मोजा. १ वर जास्त आणि ४० वर कमी असेल तर अँटेना आखूड आहे, उलट असेल तर लांब. तिन्हीकडे जास्त असेल तर ग्राउंड, म्हणजे अँटेनाच्या बुडाचा गाडीच्या धातूशी जोड, तपासा.

डमी लोडवरही शिट्टी राहिली, तर माइकचा प्लग खोला. इथे घाई करू नका. चार पिनांचे दोन प्लग बाहेरून हुबेहूब दिसले तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून दोन्हींचे आराखडे शेजारी ठेवून जुळवा. शील्डची, म्हणजे आवाजाच्या तारेभोवतीच्या आवरणाची, जाळी सोल्डरमधून निसटलेली असते, किंवा तिची केसाएवढी एक तार शेजारच्या पिनेला टेकलेली असते. भिंग घेऊन बघा, नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. गुंडाळीची वायर प्लगमध्ये शिरते तिथे वाकून वाकून शील्ड आतल्या आत तुटते, तेही मीटर लावून आणि वायर हलवत तपासा.

एवढं करूनही थोडी शिट्टी उरलीच, तर आवाजाची पिन आणि शील्ड यांच्यात १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. २७ मेगाहर्ट्झला तो सुमारे ६ ओहमचा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता असतो, पण ३ किलोहर्ट्झच्या आवाजाला ५० हजार ओहमच्या वर, त्यामुळे बोलण्याला फारसा धक्का लागत नाही. फेराइट (रेडिओलहर अडवणारी चुंबकीय कडी) लावणार असाल तर वायर त्यातून एकदा नेऊन थांबू नका. परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे साधारण नऊपट.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी किणकिण मात्र माइकची नव्हे, ऑल्टरनेटरची. त्यासाठी रेडिओच्या दोन्ही वायरी फ्यूज घालून थेट बॅटरीवर न्या.

आणि माइक तोंडासमोर नाही, दोन-तीन बोटं दूर, किंचित तिरका धरा. प, फ, भ यांचे फुत्कार त्यावर सरळ आदळले की चांगला माइकही घोगरा वाटतो.

डमी लोडवर काय झालं आणि तुम्ही एएमवर बोलता की एसएसबीवर (काही सीबींतली दुसरी पद्धत), हे कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.